कंडक्टर भाऊंची वही

त्या साली आम्ही सावडीतून एक माणूस काढला. आम्ही म्हणते खरी, पण जीभ माझीच होती. बाकीचे खाली माना घालून कांदे निवडत राहिले.

सावड म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या पुण्यातल्या भाचरांनाही आता तो शब्द कळत नाही. उन्हाळ्यात काढलेला कांदा आम्ही बराखीत भरतो. बराख म्हणजे कांदा ठेवायची लांबट चाळ, तुराट्यांच्या भिंती आणि वर उसाचं पाचट. पावसाळ्यात आतला कांदा सारखा उकरून बघावा लागतो. एक सडला आणि त्याला पाणी सुटलं की तो शेजारचे दहा घेऊन जातो. हे काम एकट्या घराला उरकत नाही, आणि आमच्या बोरी गावात मजूर मिळणं म्हणजे देव भेटणं. म्हणून आज सगळ्यांनी माझ्या बराखीत बसायचं, उद्या दिरांच्या, परवा गुरुजींच्या. पैसा कुणी कुणाला द्यायचा नाही, दिवसाला दिवस फेडायचा. ज्याची सावड मोडली त्याचा कांदा जागेवर सडतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पाच घरांचे आम्ही पाच जण बसायचो. मी. माझे धाकटे दीर, त्यांना मी भावजी म्हणते. शाळेतून रिटायर झालेले गुरुजी, ते निवडायचे कमी आणि पेपर वाचून दाखवायचे जास्त. पिठाची गिरणी चालवणारी माझी मैत्रीण, जिच्या तोंडापुढे तिची गिरणीसुद्धा हळू चालते. आणि पाचवे कंडक्टर भाऊ. भाऊ एसटीत होते. नोकरी संपल्यावर ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीत आपल्या घरी परतले आणि वडिलांचं दोन एकर रान कसायला लागले. त्या वस्तीतून सावडीत आलेलं ते पहिलंच घर. पहिल्या दिवशी ते घरून पाण्याची बाटली घेऊन आले होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊ, बाटली कशाला? माठ भरलाय की." दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या माठातलं पाणी प्यायला लागले. ह्या गोष्टीचा मला केवढा अभिमान! पुढे कित्येक वर्षं मी ती लोकांना सांगत होते. कुणी विचारलं नाही तरी सांगत होते.

बराखीत हात चालू असतात आणि तोंडं मोकळी. नुसत्या सुनांच्या चहाड्या किती करणार? गुरुजी पेपर उघडायचे, दिल्लीतली एखादी बातमी मोठ्यानं वाचायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "बोला, सभागृहाचं काय मत?" की झालं आमचं अधिवेशन सुरू.

एकदा बातमी होती, देशातल्या सगळ्या निवडणुका एकाच वेळी घ्यायच्या म्हणतात.

"खर्च वाचंल," भावजी म्हणाले.

"वाचलेला कुटं ठेवनार हायेत त्ये इचारा आधी," मी म्हटलं.

गिरणीवाली म्हणाली, "आत्ता निदान दर दोन वर्सांनी कुनीतरी हात जोडाय येतंय. एकदम घेतल्या तर पाच वर्सं थोबाड दिसायचं न्हाई. मग रस्त्याचं खड्डं कुनाला दावू? माज्या नवऱ्याला?"

भाऊ सगळ्यांचं होईपर्यंत थांबले. मग हात पुसून म्हणाले, "माजी एक शंका हाये. समजा गाडी सुटली आन् मधीच बंद पडली. सरकारबी पडतंय की मधी. मग बदली गाडी येनार ती उरलेल्या रस्त्यापुरतीच, का पुन्ना पयल्या स्टॉपपास्नं? उरलेल्या रस्त्यापुरती आसंल तर तिच्यात बसाय कोन धावंल? आन् पयल्यापास्नं आसंल तर पुढच्या टायमाला सगळ्या गाड्या एकदम कशा सुटतील?"

गुरुजींनी पेपर मांडीवर ठेवला. "पानभर लेख लिहिलाय विद्वानानं. त्यात हा प्रश्न नाही," ते म्हणाले.

भाऊंनी कानावरची पेन्सिल काढली, खिशातली छोटी वही काढली आणि काहीतरी लिहून ठेवलं. ही त्यांची रोजची रीत होती. कुणी कामाचं बोललं की ते टिपून ठेवायचे. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटे. पेन्सिल हलली की माझं लक्ष कांद्यावरून उडायचं.

मी जात्याच संशयी. ते मी लपवत नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवायच्या आधी मी तीनदा विचारते, हे कुठं जातं? सर्वेक्षण करायला एक पोरगी आली होती, सरकारबद्दल तुमचं मत काय म्हणून विचारत. मी तिलाच विचारलं, तुला कुणी धाडलं, आणि शेवटी तिला माझं नाव चुकीचं सांगितलं. उसात बिबट्या बसलाय म्हणून माणसं ओरडत पळाली तरी मी आधी विचारते, नक्की पाहिला कुणी? ह्याला कारण आहे. फार मागे एका सभेत हजेरी म्हणून कोऱ्या कागदावर आमच्या सह्या घेतल्या, आणि महिन्यानं बघते तर त्याच सह्यांच्या वर एक ठराव चढलेला. आम्ही तो ऐकलाही नव्हता, आणि खाली माझी सही, वळणदार! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. तेव्हापासून लिहिणाऱ्या माणसाची मला धास्ती.

तरी बोलायची हौस काही सुटली नाही. संसदेत बायकांना जागा राखून ठेवायची चर्चा निघाली तेव्हा मी म्हटलं, "खुर्ची राखून ठेवा, लई झाक. पन खुर्चीच्या मागं हुबा ऱ्हानारा नवरा कुटं ठेवायचा त्येबी कायद्यात लिव्हा." गिरणीवाली इतकी हसली की तिची पाटी कलंडली. भाऊंनीही हसत हसत वही काढली. मला बरंही वाटलं आणि खटकलंही.

तर त्या साली श्रावणात बातमी आली, कुठल्याशा पक्षाचे एक मोठे साहेब रस्त्याकडच्या मंगल कार्यालयात येणार, आणि देशाच्या धोरणावर लोकांशी मोकळेपणानं बोलणार. लोकांनी प्रश्न विचारायचे, साहेब उत्तरं देणार. गुरुजी तर लग्नघर असल्यासारखे नाचायला लागले. आम्ही तीन प्रश्न पक्के केले. भाऊंचा गाडीचा. माझा खुर्चीमागच्या नवऱ्याचा. आणि तिसरा सगळ्यांचा, कांदा परदेशी पाठवायची वाट एका रात्रीत बंद करता, तर आम्हाला महिनाभर आधी का सांगत नाही? विचारायचे कुणी, कुणानंतर कुणी, तेसुद्धा ठरलं. साहेबांना उत्तर जुळवायला वेळ मिळू नये, ही खरी मेख होती. आयुष्यात एकदा तरी त्या लोकांना आमच्यासमोर विचार करताना बघायचं होतं.

"कुनाला बोलायचं न्हाई," मी सांगितलं. "भिंतीलाबी कान असत्यात. हितं तर भिंतीला नुसती भोकंच हायेत." मी सगळ्यांना माठावर हात ठेवायला लावला. शपथ मीच घातली. पहिला हातही माझाच.

दुपारी काम संपवून घरी गेले, भाकरी खाल्ली, लेकीला फोन केला. ती पारगावला दिलेली, आंबेगाव तालुक्यात. रोज दुपारी आमचं अर्धा तास बोलणं व्हायचं, मग मी जरा पडायचे.

सभेच्या दिवशी आम्ही पाचही जण दुसऱ्या रांगेत बसलो. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेब आले, हार झाले, आणि बोलायला उभे राहिले. दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलले, मग हसून म्हणाले, "कुणी विचारेल, साहेब, गाडी मधेच बंद पडली तर? बदली गाडी उरलेल्या रस्त्यापुरती की पहिल्या स्टॉपपासून?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनी गाडीला छान गुळगुळीत उत्तर दिलं, ज्यात उत्तर काहीच नव्हतं, आणि टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, "आमच्या माताभगिनींची एक तक्रार असते, खुर्चीमागच्या नवऱ्याचं काय?" सगळं कार्यालय खदखदून हसलं. माझंच वाक्य, आणि मी तिथं तोंडाला पदर लावून बसलेली. कांद्यालाही त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. शेवटी म्हणाले, "आपल्याकडे तर कांद्याच्या बराखीतसुद्धा संसद भरते, मला कौतुक आहे." आणि आता वेळ कमी आहे म्हणून प्रश्न न घेताच निघून गेले. हात वर करायला आम्हाला जागाच उरली नाही.

सभेहून परत येताना मी एकेकाकडे बघत होते. गुरुजी? ते बोलके, पण पोटात राहतं त्यांच्या. भावजी? त्यांना तीन प्रश्न सलग आठवणार नाहीत. गिरणीवाली? तिच्याकडे गावभरचं दळण येतं, पण शपथ घातल्यावर ती जीभ चावेल, बोलणार नाही. मग मी स्वतःला म्हटलं, लिहून कोण ठेवतं? गाडीची भाषा कुणाची? एवढं झालं आणि पुढचा विचार मी केलाच नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी आणखी एक गोष्ट मनात आली होती, ओढ्याची. ती मी शब्दांत आणली नाही. शब्दांत आणली नाही म्हणजे ती नव्हती, अशी माझी तेव्हा समजूत होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या बराखीत पाळी होती. भाऊ नेहमीसारखे आले, माठातलं तांब्याभर पाणी प्याले आणि आपल्या जागी बसले.

मी म्हटलं, "भाऊ, त्या वहीत काय लिवता वो तुमी?"

"आपलंच बोलनं," ते म्हणाले.

"आन् मग ती वही कुनाकुनाला दाखावता?"

त्यांना लगेच कळलं. त्यांनी चौघांच्या तोंडाकडे बघितलं. भावजींनी नाक खाजवलं. गुरुजींनी पेपर उघडला, तो उलटा होता. भाऊंनी खिशातली वही काढून माझ्यापुढे धरली. "वाचा, ताई."

मी घेतली नाही. काय म्हणाले ते अजून मला तोंडपाठ आहे. "लबाडी करनारा खरं थोडंच लिवतोय? ऱ्हाऊ द्या. उद्यापास्नं आमचं आमी बघू."

भाऊंनी वही परत खिशात ठेवली. ते ताडकन उठून गेले असते तर मला सोपं पडलं असतं. त्यांनी समोरची पाटी निवडून संपवली. चांगला कांदा एकीकडे, बारकी गोल्टी एकीकडे, सडका बाहेर. आणखी एक पाटी घेतली, तीही संपवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, सगळ्यांना राम राम केला आणि गेले. त्यांच्या बराखीची पाळी दोन दिवसांवर आली होती. आमच्या चौघांकडे त्यांनी दिवस भरले होते, आमचे त्यांच्याकडे व्हायचे होते. ते आम्ही भरले नाहीत. भाद्रपद उजाडत आला होता आणि हवा अशी दमट की वाळत घातलेलं धुणं तिसऱ्या दिवशीही ओलं.

बराखीत मग पहिल्यासारखं काही राहिलं नाही. गुरुजी बातमी वाचायचे आणि "सभागृहाचं काय मत?" म्हणायचे. भावजी म्हणायचे, "आपल्याला काय करायचंय दिल्लीचं." एकाला काढल्यावर पुढचा नंबर कुणाचा, ही भीती सगळ्यांच्या मनात बसली. गुरुजी फोन घेऊन बाहेर गेले की मी कान टवकारायचे. गिरणीवाली मला एकदा म्हणाली, "अशी काय बघतीस गं माज्याकडं, मी काय तुजी विहीर चोरली का?" मी हसले, पण बघायचं काही थांबवलं नाही.

तीन आठवडे गेले. लेकीला ताप आला म्हणून कळलं, तशी मी नारायणगावला गाडी बदलून पारगावला गेले. ताप उतरला होता. दुपारी तिनं भाकऱ्या टाकायला घेतल्या, मी ओट्याशी बसून लसूण सोलत होते. एवढ्यात तिचा फोन वाजला, माझ्या बहिणीचा. लेकीचे दोन्ही हात पिठात. तिनं कोपरानं फोन सरकवला, करंगळीनं स्पीकर चालू केला आणि भाकरी थापत थापत बोलायला लागली. माझ्या बहिणीचा आवाज साऱ्या घरात घुमत होता, तिची कंबर, तिची सून, सगळं. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पडवीत माझे व्याही पाटावर बसले होते, भाकरीची वाट बघत. त्यांनी पेपर खाली केला आणि शांतपणे ऐकत राहिले.

माझा लसूण हातातच राहिला.

जेवताना व्याही खुशीत होते. मला म्हणाले, "ईहीनबाई, तुमची ती खुर्चीमागच्या नवऱ्याची गोष्ट सायबांना लई आवडली बरं का. मी पक्षाच्या कामानं सभेच्या आधी भेटलो तवा सांगितली. पोट धरून हसले. आन् ती बंद पडल्याली गाडी! म्हनले, कोन हायेत ही हुशार मानसं? मी म्हनलं, आमच्या ईहीनबाईंची बराख हाये." त्यांना ह्यात काही वावगं वाटतच नव्हतं. माझं कौतुक करावं म्हणून ते बोलत होते. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला लावली.

मागून लेकीला विचारलं, "तू माजं सगळं बोलनं असंच ऐकवत व्हतीस?" ती म्हणाली, "आई, माजं हात पिठात असत्यात. तूच भाकरीच्या येळंला फोन करतीस." खरंच होतं. माठावर हात ठेवून घरी आले, आणि तासाभरात तिन्ही प्रश्न लेकीला रंगवून सांगितले. लेकीला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. पोटातली पोर ती. पण तिचं घर आता दुसऱ्यांचं होतं आणि त्या घराच्या पडवीला माणसं होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवली होती. परतीच्या गाडीत कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा मी मान वर केली नाही, नुसते पैसे पुढे केले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा ओलांडून भाऊंच्या बराखीवर गेले. इतक्या वर्षांत मी तिथं फक्त सावडीच्या दिवशी गेले होते, एरवी कधी नाही. वास लांबूनच आला. भाऊ आणि त्यांची बायको दोघंच बसली होती. बाहेर सडक्या कांद्याचा ढीग कमरेइतका. निम्म्याच्या वर बराख गेली होती. भाऊंची बायको मला बघून उठली आणि घरात गेली.

मी पाटी ओढली आणि निवडायला लागले. बोटं पाण्यानं बुळबुळीत झाली, सडक्या कांद्याच्या काजळीनं काळी झाली. दोन पाट्या झाल्यावर मी सांगितलं. लेक, भाकरी, स्पीकर, व्याही, सगळं. मधे एकदा रडू आलं, तरी सांगितलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, भाऊ," मी म्हटलं.

ते म्हणाले, "व्हतंय कदीकदी."

"मला वही दावता का?"

त्यांनी खिशातून काढून दिली. पानापानावर आम्ही होतो. गिरणीवालीचे खड्डे होते, गुरुजींची लांबलचक वाक्यं होती, माझा खुर्चीमागचा नवरा होता, आणि प्रत्येकाच्या बोलण्यापुढे त्याचं नाव. भाऊंनी स्वतःचं फार थोडं लिहिलं होतं. पहिल्या पानावर लिहिलेलं, 'कायद्यावर सूचना मागवतील तेव्हा सर्वांच्या सह्या घेऊन पाठवणे.'

"पन रोज कशापायी लिव्हायचं?" मी विचारलं.

"सवय, ताई. कोन कुटं चढलं, कोन कुटं उतरलं, लिवल्याबिगर दिवस संपल्यावानी वाटत न्हाई."

मी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. त्यावर त्या दिवसाची नोंद होती. 'ताई म्हणाल्या, आमचं आम्ही बघू. दोन पाट्या निवडून उतरलो.' त्याच्या पुढची पानं कोरी होती.

मी तशीच उठून भावजींच्या बराखीत गेले. तिघंही तिथं होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हात काळे, पदर घाण, मी वाट बघत होते की आता मला बोलतील. मी बोलले होते त्याच्या दुप्पट मला ऐकायचं होतं.

गिरणीवाली म्हणाली, "अगं बया! लेकीलाच सांगितलंस नव्हं? दुस्मनाला तर न्हाई."

गुरुजी म्हणाले, "अनवधानानं झालं. कुणाच्याही हातून होईल."

भावजी म्हणाले, "जाऊ द्या वयनी, लई मनाला लावून घेऊ नगा. बसा, च्या टाकाय सांगतो."

झालं! तेवढंच. चहा उकळायला लागतो तेवढ्यात माझा सगळा गुन्हा माफ. मला संताप आला. मी ओरडले, "अरे, मग मला काढा की! मला का न्हाई काढत?" मी खुळी झाल्यासारखं तिघंही माझ्याकडे बघायला लागली. गिरणीवालीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्यावर संशय घ्यावा असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, आणि सांगूनही येत नव्हतं. चहा आला. मी प्याले. नाही प्याले असं लिहायला हवं होतं, पण प्याले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही भाऊंच्या बराखीत बसलो आणि राहिलेला कांदा निवडला. गुरुजी त्यांना म्हणाले, "गैरसमज झाला होता हो." भाऊ म्हणाले, "बरं." त्यांच्या बायकोनं चहा केला, कप ठेवले आणि आत गेली. संध्याकाळी निघताना मी हात जोडून म्हटलं, "भाऊ, सोमवारी माज्याकडं पाळी हाये. या." ते म्हणाले, "येतो. सावडीचा दिवस हाये, भराय पायजेच."

सोमवारी ते वेळेवर आले. मी पहाटेच माठ घासून भरला होता, त्यावर नवा तांब्या ठेवला होता. गुरुजींनी मुद्दाम मोठी बातमी शोधून आणली होती, लोकसभेच्या जागा नव्यानं कशा वाटायच्या त्याची. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बोला, सभागृहाचं काय मत?" आम्ही सगळे भाऊंकडे बघायला लागलो. त्यांच्या कानावर पेन्सिल नव्हती.

"भाऊ, तुमाला काय वाटतंय?" मी विचारलं.

"ताई, मी कांदं निवडाय आलोय," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी हात पुसले, शेजारच्या पिशवीतून घरून आणलेली बाटली काढली आणि पाणी प्याले. मग टोपण घट्ट लावून ती परत पिशवीत ठेवली आणि पुढची पाटी ओढली.